खिडकी उघडी का होती?

एप्रिलमधल्या एका पहाटे आईच्या उशाशी चार्जिंगला लावलेला फोन खिडकीतून गेला. खिडकीला गज आहेत, डासांची जाळीही आहे. पण आईने नेहमीप्रमाणे जाळीची चौकट सरकवून वीतभर फट ठेवली होती. कुणीतरी गजांतून हात घातला, वायर ओढली आणि वायरीबरोबर फोन गेला. आई ८४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, म्हणून कर्वेनगरला आम्ही मुद्दाम तळमजल्याचा फ्लॅट घेतला. त्या फोनवर ती रोज रात्री बंगळुरूच्या नातीचा चेहरा बघून झोपायची.

चौकीत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आईलाच आला. “आजी, खिडकी उघडी कशाला ठेवली होती?”

आई म्हणाली, “वारा यायला.”

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. प्रश्नही त्याने दरडावून विचारला नाही, सहज विचारला. आणि खरं सांगायचं तर तोच प्रश्न सकाळी सहा वाजता त्याच्याआधी मी विचारला होता. फोन गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून आधी निघालं ते “कितीदा सांगितलं खिडकी लावत जा म्हणून!” चोराबद्दल एक शब्द नाही. रात्रभर वारा घेत झोपलेल्या म्हातारीलाच जाब.

चौकीतून आम्ही जो कागद घेऊन आलो त्यावर ‘गहाळ’ असं लिहिलेलं आहे. मी म्हटलं, बाजारात पिशवीतून पडला तर गहाळ. भिंतीतल्या सॉकेटला लावलेला फोन गहाळ कसा होईल? उत्तर मिळालं, “ताई, नवीन सिम घ्यायला आणि हँडसेट ब्लॉक करायला एवढं पुरतं.” पुरतं खरं. सिम दुसऱ्या दिवशी मिळालंसुद्धा. पण त्या एका शब्दामुळे आमच्या घरी त्या पहाटे काही घडलंच नाही, असं झालं. पुण्यात त्या महिन्यात घरात हात घालून किती चोऱ्या झाल्या हे कुणी मोजायला बसलं, तर आमची खिडकी त्या मोजणीत नसेल.

मी वकील नाही. पण त्या रात्री झोप येईना म्हणून कायदा काढून वाचत बसले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या करताना घरात शिरण्याचे सहा प्रकार सांगितले होते. त्यांतला एक असा, की माणसाने ये-जा करावी म्हणून जी वाट ठेवलेलीच नाही तिथून आत येणं. खाली उदाहरणं दिली आहेत, आणि त्यांत खिडकीतून घरात शिरणं ही घरफोडी होय, असं सरळ म्हटलं आहे. खिडकी लावलेली होती की उघडी, याचा त्या उदाहरणात उल्लेखसुद्धा नाही. आणि आत शिरला म्हणायला सबंध माणूस आत यावा लागत नाही. शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी पुरे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ३२९ आणि ३३० या कलमांत हीच मांडणी पुढे चालू आहे. राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडून कुणी आत येत असेल, तर स्वतःच्या बचावाचा हक्क कायदा फार लांबपर्यंत मान्य करतो. झोपलेल्या माणसाचं घर कायद्याने इतकं जपलेलं आहे.

म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं कायद्याला जे कळतं आहे, ते आम्हा मायलेकींना चौकीत कुणी सांगितलं नाही, आणि मलाही घरात सुचलं नाही. खिडकी वाऱ्यासाठी असते. तिच्यातून हात आत आला तर ज्याचा हात त्याचा गुन्हा.

हा प्रश्न एका फोनपुरता असता तर मी लिहायला बसले नसते.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. बारा बिऱ्हाडं होती. रात्री दहा वाजता दिंडी दरवाजा बंद व्हायचा, आतून अडसर पडायचा, आणि मग वाड्यातली सगळी दारं-खिडक्या सताड उघडी. चौकात कुणाचा खोकला, कुणाचं बाळ, कुणाचा रेडिओ हे सगळ्यांना ऐकू यायचं. उन्हाळ्यात मागच्या नव्या बांधणीच्या गच्चीवर संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, फरशी निवली की गाद्या टाकायच्या. पश्चिमेकडून वारा सुटायचा. मला त्या झोपेची अजून आठवण आहे. पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची, एप्रिलातसुद्धा.

मग १९७६ साल आलं. जोशी-अभ्यंकर हत्याकांड हे शब्द माझ्या वयाच्या पुणेकरांना उलगडून सांगावे लागत नाहीत. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात चार तरुणांनी दहा जणांचा जीव घेतला. त्यांतले तिघे विजयनगर कॉलनीतल्या एका घरातले, पाच भांडारकर रस्त्यावरच्या एका बंगल्यातले. मी नऊ वर्षांची होते. दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. वाड्याचा दरवाजा सातलाच बंद होऊ लागला, आणि पहिल्यांदाच बिऱ्हाडांची आतली दारंही बंद झाली. वाड्यातले पुरुष पाळी लावून चौकात जागायचे. मला आठवतो तो कड्यांचा आवाज, एकामागून एक बारा कड्या.

१९७७ मध्ये ते चौघे पकडले गेले. (त्यांना फाशी झाली ती २७ नोव्हेंबर १९८३ ला, येरवड्यात. पण पेठांनी श्वास सोडला तो त्यांना पकडल्यावरच.) त्या उन्हाळ्यात गाद्या परत गच्चीवर गेल्या. माझी गेली नाही. मी दहा वर्षांची झाले होते. आजी म्हणाली, “आता तू मोठी झालीस, माजघरात झोपायचं.” माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो वर गेला. माजघराला बाहेर उघडणारी खिडकी नव्हती.

म्हणून जुन्या वाड्यातल्या उघड्या दारांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी विचारते, गच्चीवर कोण झोपायचं? बायका कुठे झोपायच्या? शहरातली भीती संपली तरी आमच्या वाट्याची संपली नाही. सगळ्यांची मिळून असलेली जी सुरक्षितता वाड्यात होती, ती खरी होती आणि मला तिचं मोल आहे. पण ती एका जातीच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची होती, आणि तिची किंमत मुली-सुनांनी आत झोपून मोजली होती. ते वाडे परत यावेत असं मला वाटत नाही. मला हवं आहे ते असं पुणं, की जिथे तळमजल्यावर एकटी राहणारी बाई खिडकी उघडी ठेवून झोपेल आणि तिला कुणी त्याचा जाब विचारणार नाही.

आज काय आहे? सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत चौघी-पाच जणी, आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. बाराव्या मजल्यावरच्या माणसाला खिडकीची चिंता नाही, कारण त्याने उंची विकत घेतली आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत राहतात. त्या म्हणाल्या, “पत्रा रात्री बारापर्यंत तापलेला असतो. दार लावलं तर उकडून मरू. उंबऱ्यात मी झोपते, आत पोरी.” मी माजघरात झोपायला गेले त्याला जवळजवळ पन्नास वर्षं झाली, मावशींच्या पोरी अजून आतच झोपतात. तेवढा एक फरक, की मावशी स्वतःच अडसर झाल्या आहेत.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे खिडकी लावा आणि एसी घ्या. ज्यांना परवडतं त्यांनी घेतलाही. पण घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. दोन माणसं दारं-खिडक्या बंद करून झोपली तर पहाटेपर्यंत तो २००० च्या वर सहज जातो. सकाळी उठल्यावर डोकं जड का असतं, हे शोधायला लांब जायला नको. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि कोंदट खोलीत त्यांचं फावतं, हे औंधच्या उरो रुग्णालयाच्या शहराला नव्याने सांगायची गरज नसावी. करोनाचे राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, आणि पुढची दोन वर्षं डॉक्टर सांगत राहिले, खिडक्या उघडा. आपण ऐकलं, आणि साथ ओसरली तशा त्या पुन्हा लावून टाकल्या.

त्यातून हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं, त्याला शिवाजीनगरला अजून शिमला ऑफिसच म्हणतात. तिथल्या नोंदी सांगतात की एप्रिलात दुपारी पारा ३८ च्या आसपास असला तरी पहाटे तो साधारण वीस-एकविसापर्यंत उतरतो. मुंबईला हे भाग्य नाही. हा गारवा फुकट आहे, रोजचा आहे, आणि आपण तो काचेच्या बाहेर ठेवून आत वीज जाळतो. एसीची गरम हवा तेवढी शेजाऱ्याच्या खिडकीवर सोडतो. मग तोही खिडकी लावतो.

ग्रिलचं तसंच. बाहेर दीड फूट काढलेला पिंजरा, त्यात कुंड्या, जुना कूलर, वाळत घातलेली फडकी. खालच्याने ग्रिल बसवलं की पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, आता तुमच्या ग्रिलवर पाय देऊन कुणीही माझ्याकडे चढेल. मग तोही बसवतो. असं करत चार मजली इमारतीला खालून वर लोखंडी शिडी तयार होते, आणि आतली माणसं पिंजऱ्यात. आग लागली तर अग्निशमन दलाच्या जवानांना आधी ते लोखंड कापावं लागतं, आणि आगीत मिनिटं मोजायची असतात. पाण्याचंही पाहा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या घरांत घुसलं. २५ जुलै २०२४ ला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत तळमजले पाण्यात गेले. असं पाणी दाराकडून आलं तर तळमजल्यावरच्या माणसाला दुसरी वाट म्हणजे खिडकीच. चोर आत येऊ नये म्हणून बसवलेले गज त्या माणसालाही बाहेर जाऊ देत नाहीत. निदान एका खिडकीचं ग्रिल बिजागरीचं असावं, आतून कुलूप लावता येणारं, आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली. फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं की तो करून देतो. आम्ही आईच्या खोलीत केलं.

डासांवर एक वाक्य लिहून पुढे जाणार होते, पण खराडी-केशवनगरच्या लोकांना ते पटणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुळा-मुठेवर उठलेले डासांचे लोट सगळ्यांनी फोनवर पाहिले. रात्री चावणारा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. नदीत सांडपाणी आणि त्यावर जलपर्णी असेल, तर तिथल्या घरांच्या खिडक्या चोर नसतानाही बंदच राहणार. झोपमोड करणारा डीजे आहे तो वेगळाच. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, असा नियम २००० सालापासून आहे. बंद खिडकीमागे नुसता चोर नसतो, महापालिकाही असते.

तरी भीतीचा मुद्दा शिल्लक राहतोच, आणि मला तो टाळायचा नाही. ज्याचं घर फुटलं आहे त्याला कुणी आकडे सांगून झोपवू शकत नाही. पण आपण नेमके कशाला भितो हे आपल्याला माहीत आहे का? घरफोडीच्या बातम्या मी रोज वाचते. भाषा ठरलेली, “अज्ञात चोरट्याने बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून” इतका ऐवज नेला. शब्द नीट पाहा. फ्लॅट बंद असतो, माणसं गावाला किंवा लग्नाला गेलेली असतात, आणि चोर दारातून आलेला असतो. आत माणूस झोपलेला असताना खिडकीतून येणारा धोका याहून वेगळा आहे. तो बहुधा हात पोहोचेल तेवढाच असतो, फोन, पर्स, खुंटीवरची पँट. क्वचित तो त्याहून भयंकर असतो, आणि एकट्या बाईच्या मनात तोच क्वचितचा असतो. हे दोन-तीन धोके आपल्या डोक्यात एक झाले आहेत. त्यात भर कोयते नाचवणाऱ्या पोरांच्या व्हिडिओंची. ते कुठले, कधीचे, ती पोरं पकडली गेली का, हे काही कळत नाही. १९७७ मध्ये भीतीला शेवट होता. पेपरात आलं, पकडले, आणि गाद्या वर गेल्या. आजच्या भीतीचा शेवट आपल्याला कुणी कळवतच नाही.

म्हणून माझी पहिली मागणी कॅमेऱ्यांची नाही, हिशेबाची आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या घरातल्या चोऱ्यांचा साधा मासिक तक्ता लावावा: किती झाल्या, दिवसा की रात्री, घर बंद होतं की माणसं आत होती, दारातून की खिडकीतून, किती उघडकीला आल्या. हे अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं आहे की संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावा. म्हणजे कच्चा माल हाताशी आहे. कर्वेनगरच्या माणसाला कर्वेनगरचं चित्र दिसलं तर तो ठरवू शकेल, खिडकी उघडायची की नाही. आज तो वानवडीच्या व्हिडिओवरून ठरवतो.

पण त्यासाठी चोरी ही चोरी म्हणून नोंदली गेली पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. फोन ही किरकोळ वस्तू आहे, पोलिसांवर कामाचा ताण आहे, हे मला मान्य आहे. मात्र ‘गहाळ’ लिहिल्याने ताण कमी होत नाही, तो दिसेनासा होतो. एकाच गल्लीत महिन्यात पाच खिडक्यांतून पाच फोन गेले आणि पाचही गहाळ झाले, तर त्या गल्लीत रात्री शिपाई पाठवावा असं कुणाला का वाटेल?

आणि शिपाई पायी यावा. बीट मार्शलची मोटारसायकल मुख्य रस्त्याने जाते. आमच्या खिडकीमागे सहा फुटांची बोळ आहे, पलीकडे नाला, आणि तिथला दिवा कित्येक महिने बंद होता. सोसायटीचा वॉचमन पुढच्या गेटवर. तो बारा तास बसतो, बहुतेक वेळ एकटा, गाड्यांना गेट उघडतो आणि डिलिव्हरीच्या पोरांची नावं वहीत लिहून घेतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर प्रशिक्षण द्यायला सांगितलं आहे. आमच्या वॉचमनला मी विचारलं. त्याला गणवेश, शिट्टी आणि खुर्ची मिळाली होती. मागच्या बोळात फेरी मारायला त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही, आणि गेट सोडलं तर ओरडा खावा लागतो. आम्ही सभासद दरमहा देखभाल खर्च देतो तो गेटवरच्या वहीसाठी, असं त्या रात्री माझ्या लक्षात आलं. पुढच्या सभेत दोन ठराव मांडले. रात्री दोघे वॉचमन, एकाने मागे फिरायचं. आणि बोळातला दिवा पालिका लावेपर्यंत सोसायटीने लावायचा. पहिला पैशांवरून अडला. दिवा लागला.

दिव्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता असा झाला. समोरच्या इमारतीतले दोन आजोबा जेवणानंतर त्या बोळात शतपावली करायला लागले. त्यांची कुजबुज आईला खिडकीतून ऐकू येते. तिला ती आवडते. म्हणते, वाड्यासारखं वाटतं.

चौकीत मी लेखी अर्ज दिला आहे, ‘गहाळ’ रद्द करून राहत्या घरातील चोरीचा गुन्हा नोंदवावा म्हणून. पोच मिळाली आहे, शिक्का आणि तारीख आहे. नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे वरिष्ठांकडे जाता येतं, आणि तिथेही झाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी जाणार आहे.

नवा फोन आता पलीकडच्या कपाटात चार्ज होतो. आईने खिडकी लावलेली नाही. उलट आता ती पूर्ण उघडी असते. रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालून मी दिवा मालवते, शेजारच्या माझ्या खोलीत येते आणि माझी खिडकी लावून घेते. आई विचारते, “कशाला लावतेस गं?” मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.